घाटात बंद, गॅरेजात चालू

या महिन्यात व्हॅनवाल्यांची पत्रं जास्त आलीत. ओम्नी, ईको, कुणाची शाळेची, कुणाची भाजीची, कुणाची मंडपाच्या सामानाची, आणि बहुतेकांचं दुखणं एकच, चालता चालता मधेच बंद पडते आणि गॅरेजात नेली की दिवसभर झक्कास चालते. हे दुखणं माणसाला फार छळतं कारण त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, मेकॅनिक म्हणतो चालतीय की, घरचे म्हणतात विकून टाक. म्हणून आज एक पत्र नीट सविस्तर घेतो, बाकीच्यांना त्यातच बरंच मिळेल.

प्रश्न : काका नमस्कार. माझी २०११ ची ईको आहे, १ लाख ८० हजार किलोमीटर झालेत, २०१४ ला बाहेरून सीएनजी किट बसवलंय. मी सासवडजवळून अंजीर, सीताफळ आणि सीझनप्रमाणे फुलं पुण्याला गुलटेकडी मार्केट यार्डात नेतो. पहाटे ३ ला भरून निघतो आणि माल उतरवून विक्रीची पट्टी घेऊन दुपारी १२-१ ला रिकामे क्रेट घेऊन परत येतो. गेले चार महिने परत येताना हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये नाहीतर दिवे घाट चढताना गाडी एकदम बंद पडते, चावी काढून घेतल्यासारखी. सेल्फ जोरात फिरतो पण स्टार्ट होत नाही. १५-२० मिनिटं थांबलं की एका सेल्फमध्ये चालू, जसं काही झालंच नाही. आठवड्यातून दोनदा तरी होतं. सीएनजीवर होतं आणि पेट्रोलवर टाकून बघितलं तरी होतं. तीन गॅरेज झाले, प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, पेट्रोल पंप, एक कॉइल आणि शेवटी बॅटरी बदलली, १९ हजार गेले. स्कॅनर लावला तर म्हणाले कोड काही नाही. आता एक जण म्हणतो ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय, तो बदलू. त्याचे पैसे माझ्याकडे नाहीत. काय करू? (एक शेतकरी वाचक, पुरंदर)

उत्तर : दादा, आधी ईसीएमचं थांबवा. तुम्ही पत्रात जे लिहिलंय ना त्यातच निम्मं निदान आहे, फक्त कुणी बसून ऐकून घेतलं नाही तुमचं.

बघा, पहाटे गाडी पूर्ण भरलेली असते तेव्हा ती एकदाही बंद पडली नाही. बंद पडते ती रिकामी असताना. म्हणजे वजनाचा, ताकदीचा संबंध नाही, कॉम्प्रेशन बसलंय, पिकअप नाही, असलं काही नाही. पहाटे हवा गार, रस्ता मोकळा, आणि दिवे घाट तुम्हाला जाताना उतार लागतो. येताना सगळं उलटं, दुपारचं ऊन, हडपसरची रखडत रखडत चालणारी गर्दी, आणि मग चढ. ईकोचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली कोंडलेलं असतं, बॉनेटवाल्या गाडीसारखं त्याला समोरून मोकळं वारं लागत नाही, त्यामुळे अशा वेळी सीटखाली जी भट्टी पेटते त्यात एखादी वस्तू तापून काम सोडते आणि १५ मिनिटांत निवली की परत कामाला लागते. म्हणजे हा तापल्यावरचा फॉल्ट आहे हे नक्की धरून चाला.

दुसरी गोष्ट, सीएनजीवर पण बंद पडते. एवढ्या एका वाक्याने पेट्रोल पंप, पेट्रोल फिल्टर, टाकीतली घाण हे सगळं बाजूला पडतं. सीएनजीवर पळणारी गाडी पेट्रोल पंप मेला म्हणून बंद पडत नाही, त्या वेळी इंजिनला पेट्रोल जातच नसतं. पंप बदलायच्या आधी हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर तुमचे तेवढे पैसे वाचले असते, मला खरंच वाईट वाटलं वाचून. दोन इंधनांची गाडी असणं हे निदानाच्या दृष्टीने मोठं भाग्य आहे, फक्त पेट्रोलवर बंद पडली तर पेट्रोलची लाईन बघा, फक्त गॅसवर पडली तर रेड्युसर (सिलेंडरच्या गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग), गॅस फिल्टर, गॅसचे इंजेक्टर बघा, आणि दोन्हीवर पडली तर दोघांत जे सामाईक आहे ते बघा. सामाईक म्हणजे करंट, सेन्सर, ईसीएमला येणारी सप्लाय आणि अर्थिंग.

तिसरी गोष्ट, "चावी काढल्यासारखी". इंधन कमी पडलं की गाडी आधी कुरकुर करते, झटके मारते, पिकअप सोडते, मग मरते. करंट गेला की एका क्षणात जाते. आणि चार सिलेंडर एकाच वेळी गेले म्हणजे एखादा प्लग किंवा एखादी कॉइल नाही, कारण एक कॉइल मेली तर गाडी मिसिंग मारत लंगडत तरी चालते. त्यामुळे कॉइलचा खर्चही फुकट गेला असं मला वाटतं.

मग राहिलं काय? माझा पहिला संशय क्रँक सेन्सर आणि त्याची वायर. क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरतोय आणि कुठल्या जागी आहे हे ईसीएमला हा सेन्सर सांगतो, ते सांगणं थांबलं की ईसीएमला वाटतं इंजिन उभं आहे, मग तो स्पार्क पण देत नाही आणि इंजेक्टर पण उघडत नाही, गॅस असो की पेट्रोल. आत बारीक तारेची गुंडाळी असलेला सेन्सर जुना झाला की तापल्यावर तार आतल्या आत सुटते आणि गार झाली की परत टेकते. अगदी तुमच्या गाडीसारखं.

पण दादा, नुसता संशय आला म्हणून सेन्सर बदलू नका, नाहीतर माझ्यात आणि त्या तीन गॅरेजात फरक काय राहिला. कारण याच्याइतकाच तगडा दुसरा संशयित आहे, तो म्हणजे सीएनजी किटवाल्याने मारलेले जोड. बाहेरून किट बसवताना इंजेक्टरच्या वायरी तोडून मधे किटचं वायरिंग घालतात, चावीची सप्लाय कुठून तरी उचलतात आणि इंजिनचा आरपीएम कळावा म्हणून कॉइलच्या नाहीतर क्रँक सेन्सरच्या वायरीला एक फाटा मारतात. काही लोक हे काम सोल्डर करून, वर स्लीव्ह घालून सुंदर करतात, काही लोक वायर सोलून पीळ मारतात आणि काळी टेप गुंडाळतात. दहा-अकरा वर्षांत त्या टेपचा चिकटपणा वितळून जातो, तांबं हिरवं पडतं, आणि गरमीत जोड सैल होतो. सेन्सर नवा टाकला आणि खराब जोड तसाच राहिला तर आठ दिवसांनी घाटात परत तुम्ही आणि तुमचे क्रेट.

म्हणून मी जे सांगतोय ते नीट ऐका. तुमची गाडी गॅरेजात चालू असताना तिला तपासून काहीही सापडणार नाही, कितीही मोठ्या गॅरेजात न्या. जी १५ मिनिटं ती बंद असते तेवढीच कामाची. आतापर्यंत ती १५ मिनिटं तुम्ही रस्त्याच्या कडेला वाट बघण्यात घालवलीत, आता ती तपासायला वापरायची. त्यासाठी गाडीत एक जुना पण चालू प्लग, एक पाण्याची बाटली, सुती फडकं, रबरी हातमोजे आणि एक वही-पेन ठेवा. मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो पण घ्या.

पुढच्या वेळी बंद पडली की आधी जीव सांभाळा. चालत्या गाडीत चावी पूर्ण मागे फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, नंतर पेडल दगडासारखं कडक होतं, ब्रेक गेलेला नसतो पण पायाचा पूर्ण जोर द्यावा लागतो, त्यामुळे ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच दाबून डावीकडे घ्या. हॅझर्ड लावा, हँडब्रेक ओढा, घाटात असाल तर मागच्या चाकाला दगड लावा. गॅसचा वास आला तर मात्र पुढचं काही करायचं नाही, सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, लांब उभं राहायचं आणि टो करायचं.

वास नसेल तर चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि मीटरकडे बघा. बॅटरीचा लाल दिवा, ऑइलचा दिवा आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा असे तिन्ही लागायला पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही तर ईसीएमला सप्लायच मिळत नाहीये, मग मेन रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), त्याचा फ्यूज, चावीचा स्विच आणि ईसीएमची अर्थिंग हे बघायचं, क्रँक सेन्सरचा विषयच नाही. आणि बऱ्याच वेळा ज्याला लोक "ईसीएम गेला" म्हणतात तो आतून करपलेला एक रिले असतो. शेजारच्या बॉक्समधला त्याच नंबरचा रिले तिथल्या तिथे अदलाबदल करून बघता येतो.

दिवा लागला तर स्विच पेट्रोलवर ठेवून चावी बंद करून परत ऑन करा आणि मागे टाकीकडे कान द्या, दोन-तीन सेकंद घूंऽऽ आवाज येऊन थांबला पाहिजे. हा पंपाचा आवाज. तो येतोय, दिवा लागतोय, म्हणजे ईसीएम जिवंत आहे. आता स्पार्क. सीट उचला, एका कॉइलचं टोक प्लगवरून काढा, त्यात तुमचा जुना प्लग बसवा, प्लगचं लोखंड इंजिनच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकवून ठेवा, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हातमोजे घालूनच, आणि प्लग हवेत लोंबकळत ठेवून कधीच नाही, त्याने कॉइल जळते आणि तुम्हालाही सणसणीत झटका बसतो. निळी ठिणगी कट्-कट् करत दिसली तर करंट आहे, मग माझा संशय खोटा आणि तुम्ही मला परत लिहा. ठिणगी नाही तर आपण बरोबर रस्त्यावर आहोत.

ठिणगी नसेल तर आता वाट बघत बसू नका. फडकं गार पाण्यात भिजवून पिळून क्रँक सेन्सरवर ठेवा (सेन्सर कुठे आहे, हात कुठून जातो, हे आधी एकदा मेकॅनिककडून गाडी गार असताना बघून घ्या, सायलेन्सरचा पाईप जवळ असतो, हात भाजेल). एरवी १५-२० मिनिटं घेणारी गाडी फडक्याने दोन-तीन मिनिटांत चालू झाली, आणि असं दोनदा घडलं, तर सेन्सर दोषी, डोळे झाकून बदला, फक्त डुप्लिकेट घेऊ नका, या एका वस्तूत डुप्लिकेट म्हणजे परत घाट. फडक्याने फरक पडला नाही तर सेन्सरच्या कपलरपासून (वायरीच्या जोडापासून) वायर बोटांनी धरून जिथे जिथे टेप आहे तिथे हलवत जा आणि मधे मधे सेल्फ मारत जा. एखाद्या जागी दाबलं आणि चालू झाली तर ती जागा सापडली. उंदरांनी कुरतडलेली वायर पण अशीच सापडते, शेतावर शेडमध्ये उभी असणाऱ्या गाड्यांत मी हे कितीदा पाहिलंय.

मल्टिमीटर असेल तर अजून एक पुरावा मिळतो. सेन्सर दोन वायरींचा असेल तर कपलर काढून त्याचा रेझिस्टन्स सकाळी गार असताना मोजा आणि बंद पडल्यावर मोजा. सकाळी काहीशे ओहम दाखवणारा सेन्सर दुपारी एकदम ओपन (तार तुटल्यासारखं) दाखवतोय म्हणजे विषय संपला. तीन वायरींचा असेल तर मात्र असं मोजून काही कळत नाही, तिथे फडकंच खरं.

अर्थिंगसुद्धा बघा, लोक विसरतात. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारा, पाव व्होल्टच्या वर जात असेल तर अर्थिंगची पट्टी काढून घासून परत आवळा. मी धंद्यात नवीन होतो तेव्हा एका ओम्नीचा कार्बोरेटर दोनदा उघडला होता, आणि खरं कारण शेवटी निघालं एक गंजलेली अर्थिंगची पट्टी, दहा मिनिटांचं काम. त्या माणसाचे मी घेतलेले पैसे परत केले पण त्याचे चार दिवस मला परत देता आले नाहीत, आणि ते अजून डोक्यात आहे.

स्कॅनरने कोड का दाखवला नाही असं तुम्हाला वाटेल. दोन कारणं. सेन्सर एका क्षणात गेला की ईसीएमला कधी कधी कळतच नाही की हा दोष आहे, त्याला वाटतं तुम्हीच इंजिन बंद केलं, त्यामुळे तो कोड लिहीतच नाही. आणि दुसरं, तुम्ही बॅटरी बदलली, बॅटरीची वायर काढली की ईसीएमच्या आठवणीत जे काही असेल ते पुसलं जातं. त्यामुळे आता परत बंद पडली तर बॅटरी न काढता स्कॅनर लावून घ्या, पी०३३५ दिसला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० दिसला तर कॅम सेन्सरचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची जागा सांगणारा). पण लक्षात ठेवा, कोड म्हणजे "या सर्किटमध्ये गडबड आहे" एवढंच, सेन्सर, वायर आणि कपलर तिघंही त्यात आले. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएमचा आकडा बघणं हे कोडपेक्षा भारी, इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, म्हणजे क्रँकचा सिग्नल येत नाहीये. तुमच्या गाडीच्या वयाच्या गाड्यांना फोनवर चालणारा स्वस्तातला स्कॅनर कधी कधी लागत नाही, त्यामुळे तो घ्यायच्या आधी कुणाचा तरी लावून बघा.

वहीत काय लिहायचं तर तारीख, वेळ, किती किलोमीटर चालल्यावर, गॅसवर का पेट्रोलवर, कुठले दिवे लागले, पंपाचा आवाज आला का, ठिणगी होती का, किती मिनिटांनी चालू झाली. तीन वेळचं लिहिलेलं पान घेऊन कुठल्याही बऱ्या मेकॅनिककडे गेलात तर तो अंदाजाने पार्ट बदलणार नाही. आणि दादा, हे सापडेपर्यंत पहाटेच्या भरल्या गाडीला घाट उतरताना गिअरमध्येच ठेवा, न्यूट्रल करून गॅस-पेट्रोल वाचवायची सवय असेल तर सोडा. आज ती पहाटे बंद पडत नाही, पण भरलेली गाडी उतारावर बंद पडली तर बूस्टर नसलेल्या ब्रेकवर तुम्ही असाल.

मधेच कोल्हापूरच्या एका वाचकांचं कळवतो. त्यांनी दोन महिन्यांपूर्वी लिहिलं होतं की खड्ड्यात गाडी आदळली की ओम्नी बंद पडते आणि मीटरचे दिवे, हॉर्न, सगळंच मरतं, परत चावी फिरवली की चालू. मी म्हणालो होतो सगळं मरतंय म्हणजे इंजिनकडे बघूच नका, बॅटरीचं टर्मिनल आणि चावीचा स्विच बघा. निघालं ते स्विचच, चावीला घराच्या, दुकानाच्या, गोडाऊनच्या मिळून पाऊण पसाभर चाव्या लटकत होत्या, त्या वजनाने आतले पॉइंट झिजले होते. इंजिन चालू ठेवून चावी हलकी डावी-उजवी हलवली की गाडी बंद पडत होती. स्विचचा मागचा भाग बदलला, चाव्या वेगळ्या केल्या, दीड महिना झाला एकदाही बंद नाही. त्यांनी आवर्जून कळवलं याचा फार आनंद झाला. पुरंदरच्या दादांची केस वेगळी का, तर त्यांचा सेल्फ जोरात फिरतो, त्यामुळे बॅटरीच्या टर्मिनलवरचा संशय तरी गेला. मीटरचे दिवे लागतात का ते त्यांनी लिहिलेलं नाही, म्हणून मी दिव्यांवर एवढं बोललो.

प्रश्न : १९९८ ची कार्बोरेटरवाली ओम्नी आहे, वडिलांची आठवण म्हणून विकायची नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी २५-३० किलोमीटर झाले की झटके मारते, रेस दिली तरी उचलत नाही आणि बंद पडते. अर्ध्या तासाने चालू. हिवाळ्यात काहीच त्रास नाही. (वाचक, जालना)

उत्तर : तुमची झटके मारत मरते, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. उन्हाळ्यातच होतंय म्हणजे लाईनमध्ये पेट्रोलची वाफ होतेय हा अंदाज बरोबर वाटतो. तुमच्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसवलेला असतो, टाकीतून पेट्रोल ओढून घेणारा, आणि ओढणाऱ्या नळीत वाफेचा फुगा झाला की पंप नुसता वाफ ओढत बसतो. बंद पडली की ओलं फडकं पंपावर आणि कार्बोरेटरपर्यंतच्या नळीवर ठेवा (बादलीभर पाणी तापलेल्या इंजिनवर ओतू नका, हेड तडकतं), पाच मिनिटांत चालू झाली तर वाफच.

पण तीन गोष्टी हुबेहूब तशाच दिसतात, त्या नाहीत ना हे आधी तपासून घ्या. एक, टाकीच्या झाकणाचं भोक बुजलेलं असणं. बंद पडली की झाकण उघडा, फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकण साफ करा, प्रश्न मिटला. दोन, टाकीतला गंज. पेट्रोल ओढलं जातं तसा गंज तळाच्या जाळीला येऊन चिकटतो, गाडी मरते, ओढ थांबली की गंज खाली बसतो आणि गाडी परत चालू, मग लोकांना वाटतं गरम झाली होती. यासाठी लाईनला पारदर्शक फिल्टर लावा, चार दिवसांत तांबूस भुकटी दिसली तर टाकी उतरवून धुवायलाच पाहिजे, नवीन फिल्टर टाकत राहणं म्हणजे रोज नाक पुसणं. हा त्रास हिवाळ्यात पण व्हायला पाहिजे, तुम्हाला होत नाही म्हणून मी याला दुसऱ्या नंबरवर ठेवतोय. तीन, इग्निशन कॉइल, ती पण तापली की मरते, फक्त ती बहुतेकदा झटक्यांची लांबण न लावता मरते. बंद पडल्यावर एकदा ठिणगी बघा म्हणजे शंका राहणार नाही, वर सांगितलंय तसंच.

वाफच निघाली तर नळी इंजिन आणि सायलेन्सरपासून लांब घेऊन वर उष्णता अडवणारी स्लीव्ह चढवा, नळीच्या जुन्या रबराला बारीक चिरा असतील तर ती बदला कारण चिरेतून हवा ओढली गेली की वाफेसारखाच त्रास होतो, पंपाचा डायफ्राम जुना असेल तर पंप बदला, आणि रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतोय का बघा. सीटखालचे पत्रे आणि रबरी पट्ट्या काढून टाकू नका, काही लोक "हवा लागू दे" म्हणून काढतात, पण त्याने गरम हवा आणि धूर केबिनमध्ये येतो. वडिलांची गाडी जपताय, चांगलं करताय.

प्रश्न : मी शाळेची व्हॅन चालवते, ईको आहे २०१३ ची, सीएनजी. माझी फक्त सिग्नलला बंद पडते, क्लच दाबून थांबले की आरपीएम खाली जातात आणि बंद. लगेच स्टार्ट होते. पळताना काहीच नाही. एसी लावला की जास्त. मुलं घाबरतात. (वाचक ताई, नाशिक)

उत्तर : ताई, तुमचं सगळ्यात सोपं आहे, काळजी करू नका. लगेच स्टार्ट होते आणि पळताना काही नाही म्हणजे करंट, पंप, क्रँक सेन्सर यांना हात लावू देऊ नका कुणाला. तुमची गाडी आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) श्वास घेऊ शकत नाहीये. थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) पाकळीच्या कडेला काळा काजळीचा थर बसतो आणि आयडलची हवा ज्या बारीक वाटेने जाते ती बुजते. थ्रॉटल बॉडी काढून क्लीनरने साफ करून घ्या, आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह पण साफ करून घ्या, स्क्रूड्रायव्हरने खरवडू देऊ नका. एअर फिल्टर बघा. मग इंजिन आयडलला ठेवून व्हॅक्यूमच्या नळ्यांवर, विशेषतः ब्रेक बूस्टरच्या जाड नळीवर, साबणाचं पाणी हलकं शिंपडून बघा, कुठे आवाज बदलला, इंजिन सावरलं, तर तिथे नळी फुटलीय. मुलं असतात म्हणून ही बूस्टरची नळी सगळ्यात आधी बघा, ती फुटली तर आयडल पण बिघडतो आणि ब्रेक पण कडक होतो.

साफ करूनही फरक नाही पडला तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट. सीएनजीवर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो आणि टॅपेट टाईट होतात, मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आयडल डगमगतो. टाईट टॅपेट आवाज करत नाहीत, त्यामुळे "आवाज नाही म्हणजे टॅपेट ठीक" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून मोजायला लावा. पेट्रोलवर आयडल चांगला आणि फक्त गॅसवरच बंद पडत असेल तर किटवाल्याकडे जाऊन गॅसचं ट्यूनिंग करून घ्या, रेड्युसरचा फिल्टर बदलून घ्या. हे होईपर्यंत सिग्नलला एसी बंद ठेवा, आणि आयडल स्क्रू पिळून आरपीएम वाढवून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, त्याने आजार झाकला जातो.

प्रश्न : २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या व्हॅन बंद पडतात का? (अनेक वाचक)

उत्तर : पंपावरून भरून निघालात आणि बंद पडली असं सरळ होत नाही. पण जुन्या गाडीत त्याचे दोन परिणाम मी बघतोय. जुनी रबरी नळी, डायफ्राम, ओ-रिंग हे इथेनॉलसाठी बनवलेले नसतात, ते फुगतात नाहीतर कडक होऊन चिरतात, कार्बोरेटरवाल्यांनी हे वर्षातून एकदा बघावंच. आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, म्हणजे बरोबर तिथे जिथून पंप ओढतो. त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर गाडी अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका, झाकणाचं रबर चांगलं ठेवा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा ॲव्हरेज थोडं कमी होणार, तो फॉल्ट समजून पार्ट बदलू नका.

सीएनजीवाल्यांनी याच्या उलट काळजी घ्यायची. फक्त स्टार्ट करायला म्हणून टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवतात आणि तेच सहा महिने असतं. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो, बऱ्याच किटमध्ये तो गॅसवर पण फिरत असतो, कोरडा फिरला की जळतो. पाव टाकी कायम ठेवा आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. पुरंदरच्या दादांनी नवीन पंप टाकलाय, तो तरी नीट टिकवा, आणि वहीचं पान भरलं की मला पाठवा, ठिणगी होती का नव्हती एवढं एक नक्की लिहा.